उजेडाची हद्द

आमच्या खानापूर तालुक्यातल्या लोंढ्यात उजेडाचा हिशेब सगळ्यात आधी कुणी ठेवला असेल तर तो रेल्वेने. पंचायत, केईबी-हेस्कॉमसारखी वीजमंडळं, आमदार फंडातला हायमास्ट ही सगळी मंडळी फार नंतरची. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ या जंगलात आले, मार्मागोव्याकडून पोर्तुगीज हद्दीतली लाईन घाट चढून कॅसलरॉकला येऊन भिडली आणि लोंढ्याचं जंक्शन झालं. तेव्हापासून इथं कुठला दिवा कुठं लावायचा, कुठल्या रंगाचा, कुणाकडं तोंड करून आणि कधी, हे सगळं छापील नियमात बसलं. माझे वडील, अप्पा, त्या नियमाचे शेवटच्या फळीतले शिपाई. हुद्दा लॅम्पमन, पण गाव त्यांना बत्तीवालाच म्हणायचं. पुढं मीही सिग्नल विभागात फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. ती सवय गेलेली नाही. रस्त्यावरचा कुठलाही दिवा दिसला की तो किती वॉटचा हे मी नंतर विचारतो, आधी त्याचं तोंड कुठं आहे ते बघतो.

मीटरगेजच्या जमान्यात स्टेशनला एक लॅम्प रूम असायची. रॉकेलचा वास भिंतीत मुरलेला, फळीवर बत्त्या ओळीनं मांडलेल्या. अप्पांचं काम दुपारनंतर सुरू व्हायचं. काचेची काजळी फडक्यानं पुसायची, वात कात्रीनं सरळ कापायची आणि तिचे दोन्ही कोपरे किंचित उडवायचे. कोपरे तसेच राहिले की ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच काळी होते. मग रॉकेल भरून, बत्ती हातात धरून, लोखंडी शिडीनं सिग्नलच्या खांबावर चढायचं. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना जून-जुलैतल्या त्या शिडीबद्दल वेगळं सांगायला नको.

त्या बत्तीत डोकं किती लावलेलं होतं हे मला नोकरीत शिरल्यावर कळलं. पुढच्या भिंगातून उजेड एकाच दिशेला जायचा, येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्याकडं. सिग्नलच्या हाताला दोन रंगीत काचा जोडलेल्या. हात आडवा असला की बत्तीपुढं लाल काच, खाली पडला की दुसरी. ही दुसरी काच हातात घेऊन पाहिली तर ती हिरवी नसायचीच, निळसर असायची. रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यापुढं निळसर काच धरली की लांबून हिरवा दिसतो. बत्तीच्या पाठीला एक लहानसं भोक. त्यातून येणारा ठिपका स्टेशनकडून दिसला म्हणजे सिग्नल आडवा आहे आणि बत्ती जळतेय, हे मास्तरला जागेवरून समजायचं. हात खाली पडला की एक पत्रा त्या भोकावर यायचा आणि ठिपका झाकला जायचा. एका वातीचा उजेड, पण पुढं किती जाईल, मागं किती जाईल आणि बाजूला जाणारच नाही, हे सगळं ठरलेलं.

यामागं कायद्याचा दंडुकाही होता. १८९० च्या रेल्वे कायद्यात कलम १२६ होतं. माणसांच्या जिवाला धोका होईल हे ठाऊक असताना रेल्वेवर किंवा रेल्वेजवळ कुणी एखादा सिग्नल वा दिवा दाखवला, लपवला किंवा काढला, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांच्या कैदेपर्यंत. 'रेल्वेजवळ' या शब्दात रुळांलगतची घरं, दुकानं, शेतं सगळं आलं. त्याआधी १८६० च्या भारतीय दंड संहितेनं दर्यावर्दी लोकांसाठी अशीच तरतूद केली होती. खोटा दिवा दाखवून जहाजाची वाट चुकवणाऱ्याला कलम २८१ खाली सात वर्षांपर्यंत कैद. आज दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली तरी ते कलम २८३ या नव्या नंबरावर जिवंत आहे. नको तिथला दिवा हा गुन्हा होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या कायद्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

प्रत्यक्षात इतक्या टोकाला जायची वेळ क्वचितच यायची. सत्तरच्या दशकातली एक गोष्ट सांगतो. रुळांलगतच्या वस्तीत गणपती बसला होता. पोरांनी मांडवाला रोषणाई केली, आणि लाल रंगात बुडवलेले दोन बल्ब रुळांच्या बाजूला टांगले. त्या रात्री एका ड्रायव्हरनं आऊटरजवळ गाडी उभी केली आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या. सिग्नल खाली पडलेला, आणि शेजारी अंधारात लाल दिसतोय, तो बिचारा करणार काय? मास्तरनं अप्पांना आणि एका पॉइंट्समनला धाडलं. मंडळाची पोरं उसळली, "गणपतीचा दिवा विझवायचा म्हणता?" अप्पा म्हणाले, "विझवू नका रे बाबांनो. रुळाकडची बाजू झाका." कुणीतरी तांदळाची रिकामी गोणी आणली, ती बल्बांच्या मागं बांधली, आरती पुढं सुरू झाली. ना नोटीस, ना दंड. उजेड मांडवात राहिला आणि रुळावर जायचा थांबला. जगभरातल्या पालिका आज जे नियम कायद्याच्या भाषेत लिहितात त्यांचं सार याहून फार वेगळं नाही.

हे झालं रेल्वेचं. पालिकांचा इतिहास नेमका उलट्या दिशेनं गेला. रेल्वेला दिवा कुठं दिसू नये याची काळजी, तर पालिकेला तो मुळात लागावा याची. १८५० चा २६ वा कायदा हा आपल्याकडच्या नगरपालिकांचा पाया. रस्ते करणं, दुरुस्त करणं, झाडणं, त्यांवर दिवे लावणं आणि पहारा ठेवणं, यासाठी गावकऱ्यांची इच्छा असेल तर पालिका काढता येईल, असं तो सांगतो. त्याच कायद्याखाली १८५१ साली बेळगावात नगरपालिका झाली. पुढं १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा आला आणि त्यात पालिकेच्या सक्तीच्या कर्तव्यांची यादी झाली. तिच्या अगदी सुरुवातीला काय असावं? सार्वजनिक रस्ते, जागा आणि इमारती यांवर दिवाबत्ती करणं. रस्त्यावर पाणी मारणं, सफाई, आग विझवणं हे सगळं त्याच्या पाठोपाठ.

त्या काळात हा क्रम बरोबरच होता. मुंबईसारख्या शहरात १८६५ साली गॅसचे दिवे आले, १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले आणि ते लावणारी कंपनी लगेच बुडालीही. बेळगाव-निपाणीसारख्या गावांत मात्र काचेच्या पेटीतला रॉकेलचा दिवा आणि संध्याकाळी शिडी घेऊन फिरणारा माणूस, हीच पालिकेची दिवाबत्ती. तेल वाचावं म्हणून चांदण्या रात्री दिवे लावायचेच नाहीत, अशी रीत कित्येक पालिकांत होती. पंचांग बघून दिवाबत्तीचं वेळापत्रक बसवायचं. आज हे ऐकून कुणी हसेल. पण पौर्णिमेचा चंद्र जमिनीवर पाव लक्सच्या आसपास उजेड टाकतो आणि डोळे सरावले की त्यात माणूस वाट चालू शकतो, एवढं त्या पालिकांना कळत होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. त्या दिवसापासून आमच्याकडं भाषेवरून, पाट्यांवरून, शाळांवरून काय काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की दिवाबत्तीचं वाक्य मात्र ती हद्द जशीच्या तशी ओलांडून गेलं. म्हैसूरनं १९६४ साली स्वतःचा नगरपालिका कायदा केला, त्यातही सक्तीच्या कामांत पहिलं काम तेच: रस्ते, जागा, इमारती यांवर दिवे लावणं. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं पालिकांना जी बारावी अनुसूची दिली तिच्यात पथदिवे आहेत. ७३ व्या दुरुस्तीनं पंचायतींना जी अकरावी अनुसूची दिली तिच्यात ग्रामीण विद्युतीकरण आहे. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यानं गावातल्या रस्त्यांचे दिवे ग्रामपंचायतीच्या गळ्यात घातले. मुंबई गेली, म्हैसूर आलं, म्हैसूरचं कर्नाटक झालं, बेळगावचं बेळगावी झालं. 'दिवा लावा' हा हुकूम कायम राहिला. 'दिवा कुठवर' याबद्दल मात्र यातल्या कुठल्याच कायद्यानं पालिकेला किंवा पंचायतीला काम म्हणून काही सांगितलं नाही.

अपवाद तीन, आणि तिन्ही वेगळ्या खात्यांचे. पहिला पोलिसांचा. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३३ मध्ये एक अधिकार गुपचूप बसलेला आहे. सरकारी किंवा पालिकेच्या माणसांखेरीज इतर कुणी रस्त्यांवर, सार्वजनिक जागी किंवा रस्त्यालगतच्या इमारतींच्या बाहेरच्या अंगाला रोषणाई करत असेल, तर तिचं नियमन करायचा. म्हैसूरचा स्वतःचा पोलीस कायदा येईपर्यंत हाच कायदा आमच्या तालुक्यात चालत होता, आणि महाराष्ट्रात तो आजही आहे. याच कलमात रोषणाईच्या शेजारी लाऊडस्पीकर आहे. त्याच्या परवान्यासाठी किती मंडळांनी पोलीस स्टेशनच्या पायऱ्या झिजवल्या ते आपण पाहतोच. रोषणाईचा परवाना मागितलेला माणूस मात्र मला अजून भेटायचाय.

दुसरा अपवाद विमानांचा. बेळगावजवळ सांबऱ्याला दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी झाली. त्याआधीच १९३७ च्या विमान नियमांत असं होतं की विमानतळाच्या आसपास वैमानिकाची दिशाभूल करील असा दिवा असेल तर तो विझवायला किंवा नीट झाकायला मालकाला सांगता येतं. पुन्हा तेच, विझवा किंवा झाका.

तिसरा अपवाद लढाईचा. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखाली सरकारला दिव्यांवर निर्बंध घालता आले आणि मुंबईसारख्या बंदरांच्या शहरात ब्लॅकआउट झाला. १९६५ आणि १९७१ ला तोच खेळ पुन्हा. १९७१ च्या डिसेंबरात मी शाळेत होतो. मुंबईहून गाडीनं येणारे पाहुणे सांगायचे, काचांना काळे कागद चिकटवलेत, मोटारींच्या दिव्यांची वरची अर्धी काच काळी केलीय, आणि गल्लीतली पोरं खिडकीतून उजेड दिसला की "लाईट बंद करा" म्हणून ओरडत फिरतात. शहरानं ठरवलं तर एका हुकमात अंधार पडतो, हे तेव्हा दिसलं. लढाई संपली, कागद निघाले, आणि त्या अनुभवातून शिकायचं राहूनच गेलं.

आता आमच्या गावाकडं येऊ. खेड्यांत वीज आली ती हळूहळू. बाहेर केईबीच्या खांबावर पत्र्याच्या तबकडीखाली एक पिवळा बल्ब, आत गरिबाच्या घरात सरकारच्या भाग्यज्योती योजनेतला ४० वॉटचा एकच दिवा. शेजारी काळी नदीवर धरण होऊन जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं, त्या विजेनं लांबलांबची शहरं उजळली, आणि जंगलातल्या वाड्या तारांची वाट बघत बसल्या. म्हणून खांब उभा राहायचा त्या दिवशी गावात नारळ फुटायचा. हे मी मुद्दाम सांगतो. अंधाराचं कौतुक शहरातल्या माणसाला परवडतं. खानापूर तालुक्यात अस्वल आहे, गवा आहे, पावसाळ्यात घोणस आहे, आणि रात्रीच्या गाडीनं उतरून एकटी घरी जाणारी बाई आहे. तिला दिवा हवाच. तिच्या पायाखाली हवा.

पण बल्बामागून ट्यूब आली, ट्यूबमागून मर्क्युरी, मग पिवळा सोडियम, मग हायमास्ट. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारनं पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि देशभर एलईडी लागू लागले. बिल कमी झालं, ही मोठीच गोष्ट. पण दिवा स्वस्तात जळतो म्हटल्यावर एकाच्या जागी तीन लागले. सोडियमचा उजेड शेकोटीच्या रंगाचा होता, नवा उजेड पांढराफेक, निळ्याकडं झुकलेला. जुन्या पत्र्याच्या तबकडीनं आकाशाकडं जाणारा उजेड आपसूक अडवला होता. नवे दिवे बसवताना ते खांबावर वर तोंड करून ठोकले तरी विचारणारा कुणी नाही.

म्हणजे मोजमापच नाही असं नाही. भारतीय मानक आयएस १९४४ रस्त्यांच्या दिव्यांसाठीच आहे. जास्त रहदारीच्या मोठ्या रस्त्याला सरासरी ३० लक्स, त्याखालच्याला १५, मग ८, आणि वस्तीतल्या कमी रहदारीच्या रस्त्याला ४ लक्स. दिव्याचा उजेड कुठल्या कोनात अडवायचा हेही त्यात आहे. पण मानक म्हणजे कायदा नव्हे. टेंडरमध्ये वॉट लिहिलेले असतात, खांबाची उंची लिहिलेली असते, कोनशिलेवर नावं लिहिलेली असतात. कोन लिहिलेला नसतो.

याचा हिशेब शेतात दिसतो. आमच्याच तालुक्यातल्या एका गावात, नाव कशाला घ्या, चौकातल्या हायमास्टचा झोत सरळ भाताच्या खाचरात पडत होता. सगळ्या शिवारात लोंबी बाहेर पडली, आणि दिव्यासमोरचा पट्टा हिरवाच राहिला. शेतकऱ्यानं खताच्या दुकानदाराला दोष दिला, मग बियाण्याला. कारण साधं आहे. जुन्या जातीचं भात रात्र मोजतं. रात्र लांबू लागली की ते फुलोऱ्यात येतं. त्याच्या डोक्यावर रात्रभर दिवा ठेवला तर त्याच्या लेखी श्रावण संपतच नाही.

शेतापलीकडं जंगल आहे. डिसेंबर २०११ मध्ये खानापूर तालुक्यातलं सुमारे १९० चौरस किलोमीटर जंगल भीमगड अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तिथं तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला कळलं, आणि नंतर कित्येक दशकं ते जगात फक्त या गुहांतच ठाऊक होतं. वटवाघळाचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो. मे-जूनमध्ये पहिल्या सरींआधी काजवे चमकतात ते जोडीदाराला खूण म्हणून, आणि शेजारी फोकस असला की ती खूण हरवते. भंडारदऱ्याला काजवे बघायला गर्दी होऊ लागली तेव्हा वन विभागाला पर्यटकांच्या बॅटऱ्यांवर आणि वेळेवर बंधनं घालावी लागली. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं पाण्याची वाट उजेडावरून ओळखतात, म्हणून शॅकवाल्यांना किनाऱ्याकडचे दिवे आवरायला सांगावं लागतं. खोट्या दिव्यानं जहाजाची वाट चुकते तशी कासवाचीही चुकते. जहाजासाठी १८६० पासून कलम आहे.

आवाजाशी तुलना करा म्हणजे उजेड कायद्यात किती मागं पडला ते कळेल. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन आवाज हा प्रदूषक ठरला. २००० साली ध्वनी नियम आले, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ. उजेडाला असा आकडा नाही, अशी वेळ नाही. म्हणून लोक मिळेल त्या वाटेनं जातात. २०१८ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या एका जिमखान्याच्या प्रखर दिव्यांविरुद्ध एका रहिवाशानं तक्रार केली आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला हात घालावा लागला. २०२४ साली झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांविरुद्ध जनहित याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयानं राज्य सरकारला आणि मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर महापालिकांना नोटीस काढली. त्याच वर्षी मिरवणुकांतल्या लेझरचा प्रश्न त्याच न्यायालयात गेला, तेव्हा यासाठी वेगळा कायदाच नाही हे उघड झालं. पुणे पोलिसांनी विसर्जन मिरवणुकीत लेझर आणि बीम लाईटवर बंदी घातली ती तात्पुरत्या आदेशानं. आमच्या कर्नाटकात २०२४ च्या जुलैत डोळे दिपवणाऱ्या हेडलाईटविरुद्ध पोलिसांनी राज्यभर मोहीम काढली ती मोटार वाहन कायद्याखाली. जो तो आपल्या खात्याच्या भोकातून बघतो.

आणि तरीही स्थानिक कारभाऱ्यांना हे जमतं, याची उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ नावाचं गाव आहे, तिथल्याच लॉवेल वेधशाळेत १९३० साली प्लूटो सापडला. १९५८ साली त्या गावच्या पालिकेनं जाहिरातीसाठी आकाशात झोत फिरवायला बंदी केली. उजेडावर बंधन घालणारा पालिकेचा हा जगातल्या पहिल्या नियमांपैकी एक. लडाखमध्ये हानले इथं बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. २०२२ साली तिथला मुलूख अंधाराचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि गावकऱ्यांनी दिव्यांना टोप्या व खिडक्यांना जाड पडदे लावले.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पेंचचं. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला आणि आशियातला पाचवा 'डार्क स्काय पार्क' ठरला. तो मान जंगलातल्या अंधारावर मिळाला नाही. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलले तेव्हा मिळाला. दिवे बंद केले नाहीत. जमिनीकडं तोंड केलेले लावले, आणि पैसा जिल्ह्याच्या नियोजनातूनच आला. वाघाच्या शेजारी राहणाऱ्या गावांनी उजेड न सोडता अंधार मिळवला. खानापूर तालुक्यातल्या गावांपेक्षा त्यांची भीती काही कमी नव्हती.

लोंढ्यात एक अडचण जास्त आहे. इथल्या उजेडाचे मालक चार. यार्डातले आणि फलाटावरचे दिवे रेल्वेचे, गल्लीतले पंचायतीचे, बेळगाव-पणजी मार्गावरचे महामार्गाचे, आणि दांडेली-गणेशगुडीच्या वाटेवरच्या रिसॉर्टांचे दिवे ज्याचे त्याचे. चौघांचं तोंड चार दिशांना. एकाला अर्ज द्यावा तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो, आणि अर्ज मराठीत असेल तर आधी त्याच्या भाषेवरच चर्चा. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं, पुढं रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, लॅम्प रूम गेली. पण रेल्वेचा जुना नियम रेल्वेनं सोडला नाही. आजच्या सिग्नलच्या एलईडीवरसुद्धा झापड असते आणि त्याचा झोत ड्रायव्हरकडंच लावून घ्यावा लागतो. हयातभर मी तेच केलं. मग त्याच यार्डातल्या टॉवरवरचे फोकस आकाशाकडं का, हा प्रश्न रेल्वेलाही विचारता येतो.

माझं म्हणणं एवढंच की दिल्ली-बंगळूरहून उजेडाचा कायदा येईल म्हणून थांबायचं कारण नाही. आपल्या खांबावरचा दिवा कसा लावायचा हे ठरवायला ग्रामपंचायतीला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत पंचायत विकास अधिकाऱ्यांसमोर (पीडीओ) चार ओळींचा ठराव मांडा. नवा दिवा घेताना तो वरून झाकलेला आणि तोंड जमिनीकडं असलेलाच घ्यायचा. रंग पांढराफेक नको, पिवळसर हवा. हायमास्टचे अर्धे दिवे रात्री ११ नंतर बंद, आणि शेताकडचे असतील तर भात फुलोऱ्यात येण्याच्या दिवसांत संध्याकाळपासूनच बंद. रेल्वे, महामार्ग आणि रिसॉर्टवाल्यांना याच ठरावाची प्रत, उत्तराच्या अपेक्षेनं. ठराव कन्नडमध्ये लिहा, मराठीत लिहा, दोन्हीत लिहा. पत्र्याच्या टोपीला काही शे रुपये लागतात, आणि ती वाकवून देणारा लोहार आपल्या तालुक्यातच मिळतो.